जमिनीला जामीन कोण?

बाशी ईदच्या दिवशी आम्ही बारामतीहून इंदापूरला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आपाच्या हातचा शिरखुर्मा झाला, जेवण झालं, दुल्हाभाई जरा आडवे झाले. तेवढ्यात भाचा आम्हांला गच्चीवर घेऊन गेला. त्याचं बारामतीत मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पोरगा कष्टाळू आणि सरळ. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामू, एक मसला पूछना है."

मसला म्हटलं की माणसं मौलवीसाहेबांकडे जातात. आम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलेले, आता निवृत्त. पण ज्या गोष्टी मौलवीसाहेबांना विचारायला लाज वाटते आणि बापाला विचारायला भीती वाटते, त्या मामाला विचारतात. तेव्हा आम्ही ऐकून घेतलं.

हकीकत अशी. २०२१ च्या अखेरीला भाच्याने इंटरनेटवरच्या एका खेळात दोन प्लॉट विकत घेतले. खेळातल्या नकाशावरचे चौकोन ते. तिथे रस्ते आहेत, चौक आहेत, समुद्रकिनारा आहे. पण सगळं पडद्यावर. त्यासाठी त्याने मोजलेले तीन लाख वीस हजार रुपये मात्र खरे होते. ते आले कुठून? पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजकडे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गासाठी दुल्हाभाईंची काही जमीन गेली. तिच्या मोबदल्यातून बापाने लेकाला धंदा वाढवायला पैसे दिले होते. लेकाने धंदा वाढवला नाही, 'जमीन' घेतली. वर्षभरात भाव असा कोसळला की त्या प्लॉटकडे कुणी ढुंकून पाहीना.

मसला हा नव्हताच. मसला पुढे होता. भिगवणकडचा एक तरुण दुकानात नेहमी येतो. भाच्याने चांगल्या दिवसांत त्याला हे प्लॉट दाखवून फुशारकी मारली होती. आता तो तरुण ते दोन्ही प्लॉट एक लाख वीस हजारांना घ्यायला तयार आहे. त्याला वाटतं, भाव पडलाय तोच घ्यायचा मोका. भाच्याने विचारलं, "मामू, बेच दूँ क्या?"

खरं सांगायचं तर आम्ही आधी हसलो. हवेतली जमीन म्हणालो. त्यावर तो चिडला नाही, शांतपणे म्हणाला, "मामू, तुमचा सातबारा तरी आता कुठे मातीत आहे? तोही संगणकावरच आहे ना?" बोलणं खोटं नव्हतं. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मग तो म्हणाला, "कारखान्याचा शेअर म्हणजे तरी काय? कागदच. आणि दादाची जमीन? ती तर पाण्यात आहे. तरी दादा मरेपर्यंत 'आपली जमीन' म्हणायचे."

आमचं हसू तिथेच थांबलं. कारण शेवटचं वाक्य त्या घरात हसून बोलण्यासारखं नाही.

दुल्हाभाईंचे वडील पळसदेवच्या पट्ट्यातले शेतकरी. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास ते पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांची काळी जमीन, घरं, देवळं, मशिदी, कबरस्तानं पाण्याखाली गेली. दुल्हाभाई तेव्हा शाळकरी पोर होते. पळसदेवचं जुनं मंदिर दुष्काळाच्या वर्षी पाण्याबाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असं उघडं पडलं की लोक चालत दर्शनाला गेले. त्या वेळी दुल्हाभाईही काठावर जाऊन उभे राहिले होते. बोटाने दाखवत होते, इथे आमची विहीर, तिथे आंब्याचं झाड. आम्हांला चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांना सगळं दिसत होतं.

म्हणजे दिसणं न दिसणं, हाताला लागणं न लागणं, ही जमिनीच्या खरेपणाची कसोटी नव्हे. भाच्याचा हा मुद्दा आम्हांला मान्य करावा लागला.

उलटही तितकंच खरं. वस्तू हाताला लागते म्हणून तिच्यातला व्यवहार खरा ठरत नाही. इमू आठवा. वीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे शेतकऱ्यांनी कर्ज काढून इमू पाळले. पक्षी चांगला माणसाएवढा उंच, लाथ मारली तर आडवं करील असा. त्यात आभासी काही नव्हतं. पण त्याचं मांस आणि तेल विकत घेणारा बाजार जवळजवळ नव्हताच. जो पैसा दिसत होता तो नव्याने इमू पाळणाऱ्याला पिल्लं विकून येत होता. नवे लोक यायचे थांबले, आणि २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या मोठ्या कंपनीचं पितळ उघडं पडलं. पक्षी खरा होता, धंदा पोकळ होता.

मग कसोटी कोणती? हा प्रश्न घेऊन आम्ही काही दिवस बसलो. वाचलं, भाच्याकडून समजून घेतलं. जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की हा प्रकार कालपरवाचा नाही. एन्ट्रोपिया युनिव्हर्स नावाच्या खेळातलं एक बेट २००४ मध्ये २६,५०० डॉलरला विकलं गेलं. २००५ मध्ये त्याच खेळातलं एक अंतराळ विश्रामस्थान जॉन जेकब्स नावाच्या माणसाने एक लाख डॉलरला घेतलं. जगाने त्याला वेड्यात काढलं. त्याने तिथे क्लब काढला, लोक आणले, त्यांच्याकडून उत्पन्न मिळवलं आणि २०१० मध्ये ते सगळं तुकड्यातुकड्याने मिळून ६ लाख ३५ हजार डॉलरला विकलं. सेकंड लाईफ नावाच्या दुसऱ्या जगात ॲन्शी चुंग या नावाने वावरणारी एक बाई जमीन घेऊन, तिची आखणी करून, घरं बांधून भाड्याने देत असे. आपली तिथली मिळकत दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं तिने २००६ मध्ये जाहीर केलं. यातून एक दिसतं. ज्यांना पैसा मिळाला त्यांनी ती पडद्यावरची जमीन कसली होती. त्यांनी तिथे काही उभं केलं, लोकांना काही दिलं, त्याचं भाडं घेतलं. याला जुगार म्हणणं अन्यायाचं होईल.

पण २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुकने आपल्या कंपनीचं नाव बदलून मेटा केलं आणि 'मेटाव्हर्स' हा शब्द घरोघरी गेला. पुढच्याच महिन्यात डिसेंट्रालँड नावाच्या आभासी जगातला एक पट्टा सुमारे २४ लाख डॉलरला गेला. सँडबॉक्समधल्या एका मिळकतीचे ४३ लाख डॉलर आले. आमच्या भाच्यासारखे हजारो तरुण त्या बातम्यांच्या मागे गेले. त्यांना कसायचं नव्हतंच. घेऊन ठेवायचं होतं. उद्या कुणीतरी जास्त पैसे देईल एवढीच आशा होती. तो 'कुणीतरी' देणार का, कशासाठी देणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

इथे आम्हांला स्वतःकडे पाहणं भाग आहे. नोकरीत असताना आम्हीही बारामती एमआयडीसीच्या बाजूला तीन गुंठ्यांचा तुकडा घेऊन ठेवला होता. बारा वर्षं तिथे साधं बाभळीचं झुडूप तोडलं नाही. नुसती वाट पाहिली. चौपट भाव आला तेव्हा विकला आणि लेकीचं लग्न केलं. आम्हांला कुणी जुगारी म्हटलं नाही. हुशार म्हटलं. आज पालखी मार्गाच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट पडून आहेत, त्यांचे कितीतरी मालक पुण्यात बसून आमच्यासारखीच वाट पाहत आहेत. तेव्हा भाच्याला उपदेश करताना आमचा आवाज फार वर चढू शकत नाही. आमच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की आमच्या तुकड्यावर घेणाऱ्याने घर बांधलं, आज तिथे त्याची नातवंडं खेळतात. वाट पाहण्यात आमचं कर्तृत्व शून्य, पण शेवटी ती जमीन कुणाच्या तरी कामी आली.

दुसरी गोष्ट मालकीची. भाच्याला आम्ही विचारलं, "तुझ्या प्लॉटवर उद्या दुसऱ्याने हक्क सांगितला तर तू कुठे जाशील?" त्याला उत्तर देता आलं नाही. सातबारा संगणकावर असला तरी त्याच्यामागे तलाठी आहे, चुकीची नोंद झाली तर तहसीलदार आहे, त्याच्यावर प्रांत आहे, कोर्ट आहे. ही माणसं उशीर करतात, खेटे घालायला लावतात. पण उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कारखान्याचा शेअर कागदच खरा, पण त्या कागदावर सभासदाचा ऊस जातो, दिवाळीला साखर मिळते, निवडणुकीत मत देता येतं आणि वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला जाब विचारता येतो. उजनीतली जमीन बुडाली तरी तिची मोजणी झाली, मोबदल्यासाठी माणसं भांडली, पर्यायी जमिनीसाठी अजूनही अर्ज फिरतात. शिवाय उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत काठचे लोक आजही पेरणी करतात.

खेळातल्या जमिनीच्या मागे काय असतं? वापराचा एक करार असतो. तो इंग्रजीत, पंधरा-वीस पानांचा, आणि न वाचताच 'मान्य' दाबायचा. बहुतेक खेळांच्या करारात लिहिलेलं असतं की तुम्हांला वापरायची परवानगी आहे, मालकी कंपनीची. सेकंड लाईफमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका वकिलाचं खातं कंपनीने बंद केलं, त्याबरोबर त्याची तिथली जमीनही गेली. तो २००६ मध्ये कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं होतं, आमच्या कराराप्रमाणे वाद लवादाकडे चालवा. कोर्टाने २००७ मध्ये ती अट एकतर्फी म्हणून नाकारली. पुढे दोघांनी आपसात मिटवलं. मालकी कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला. तो स्वतः वकील होता म्हणून तिथवर पोचला. भिगवणचा पोरगा कुठे पोचणार?

नव्या पद्धतीचे प्लॉट 'ब्लॉकचेन'वर नोंदलेले असतात, ती नोंद कंपनीलाही पुसता येत नाही, असं भाचा म्हणाला. ते खरं आहे. पण नोंद टिकली म्हणून जग टिकत नाही. कंपनीने खेळच बंद केला तर ती नोंद कशाची? गाव उठून गेल्यावर राहिलेल्या वेशीसारखी. फार्मव्हिल नावाच्या खेळात २००९ पासून जगभरच्या माणसांनी आभासी शेतं पिकवली, त्यासाठी पैसेही मोजले. ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीने मूळ खेळ बंद केला. शेतं गेली. जाब कुणाला विचारणार?

आपल्या पोरांनी हे जवळून पाहिलंय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला खेळ बंद झाला. भाचाच सांगतो, आठवी-नववीतली पोरं ईदीचे पैसे आणून त्याच्याकडून खेळातल्या पोशाखांसाठी आणि बंदुकांच्या रंगांसाठी रिचार्ज मारून घेत. बंद झाला त्या दिवशी दुकानात येऊन रडली. पुढे २०२१ च्या जुलैत दुसऱ्या नावाने खेळ परत आला आणि कंपनीने जुनं सामान आणू दिलं. पोरं खूश झाली. पण आठ महिने ते सामान कुठे होतं? आणि मिळालं ते हक्काने मिळालं की मेहरबानीने?

म्हणून आम्हांला वाटतं, मालमत्ता ही वस्तू नसून एक वचन आहे. 'हे तुझं आहे' असं दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं, आणि म्हणणाऱ्याने पुढे त्याला बांधील राहावं लागतं. जमिनीला जामीन लागतो. जिथे जामीन नाही तिथे माती असो की पडदा असो, आपल्या हाती फक्त आशा असते.

सरकार कर घेतं, मग हे कायदेशीरच, असाही भाच्याचा एक युक्तिवाद होता. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला हे खरं. पण त्याच नियमात असंही आहे की यातला तोटा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. नफ्यात सरकारचा वाटा, तोट्यात तुम्ही एकटे. याला जामीन राहणं म्हणत नाहीत.

आपल्या फिकहच्या पंडितांनी हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी वेगळ्या रूपात चर्चिला आहे. 'माल' कशाला म्हणावं यावर त्यांच्यात मतभेद होता. जुन्या हनफी विचारानुसार माल म्हणजे साठवून ठेवता येईल अशी प्रत्यक्ष वस्तू. नुसता वापराचा लाभ म्हणजे माल नव्हे. शाफई विचारानुसार वापराचा लाभही माल ठरतो. आपण घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी आणि कोकणातले शाफई. तेव्हा हा प्लॉट इंदापुरात माल ठरणार नाही आणि दापोलीत कदाचित ठरेल, असं आम्ही गमतीने म्हणालो. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. आकाशातला पक्षी आणि पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये. पक्षी किंवा मासा खोटा असतो म्हणून नव्हे. तो विकणाऱ्याच्या हातात नसतो, घेणाऱ्याच्या हातात पडेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. या धूसर व्यवहाराला ते 'गरर' म्हणतात. उजनीच्या काठावरच्या मासेमाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तो जाळ्यातला मासा तोलून विकतो, पाण्यातला नाही.

आता मूळ मसल्याकडे येऊ. भाच्याने विकावं की नाही?

मदिनेच्या बाजारातली गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पैगंबरसाहेबांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी त्याला विचारलं की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. पाऊस पडणं हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. लपवणं हा होता. आम्ही भाच्याला म्हणालो, "तुझे पैसे बुडाले हा पाऊस समज. पण ओल आत ठेवून ढीग विकशील तर ते तुझं काम."

हे बोलणं चालू असताना दुल्हाभाई कधी गच्चीवर आले कळलं नाही. त्यांना पैशाची कल्पना होती, बोलले नव्हते. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "अब्बांची जमीन धरणात गेली. रडलो आम्ही. पण ते पाणी सोलापूरला गेलं, कुणीतरी प्यायलं, कुणाचा ऊस पिकला. माझी रस्त्यात गेली. वारी त्याच्यावरून चालते. तुझ्या पैशानं कुणाचं काय झालं, तेवढं मला सांग."

भाचा खाली पाहत राहिला. आम्हांलाही पुस्तकातून काही सुचेना. एवढी वर्षं आपण नुकसान फक्त रुपयांत मोजत आलो. हरवलेलं कुणाच्या कामी आलं का, हे विचारलंच नाही. ज्याच्या जाण्याने कुणाचंच काही झालं नाही, ते खरं बुडालेलं.

संध्याकाळी भाच्याने भिगवणच्या त्या तरुणाला आमच्यासमोर फोन लावला. सगळं सांगितलं. घेतले केवढ्याला, आज भाव काय, वर्षभरात एक गिऱ्हाईक नाही, खेळात आता माणसंच येत नाहीत, कंपनी कधी बंद करील सांगता येत नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो पोरगा म्हणाला, "बरं, मग ऐंशी हजारांत देता का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओल वर ठेवली, तरी गिऱ्हाईक उभंच होतं. व्यवहार आता स्वच्छ होता, फसवणूक नव्हती. तरी भाचा म्हणाला, "नहीं भाई, तेरे अब्बा को पूछ के आ पहले," आणि फोन ठेवला. ऐंशी हजार त्याच्यासाठी लहान रक्कम नाही. दुकानाचं भाडं थकलेलं आहे.

त्याने बरोबर केलं की नुसता भोळेपणा केला, यावर आम्ही बारामतीला परततानाही विचार करत होतो. डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उतरणाऱ्याला हात धरून मागे ओढायची जबाबदारी विकणाऱ्यावर असते का? कायदा नाही म्हणेल. पण तो पोरगा खड्ड्याकडे वळला होता तो भाच्याचीच फुशारकी ऐकून. निदान त्याच्यापुरता भाचा जामीन राहिला.